पाण्याची घनता

लोणीच्या हॉस्टेलात रात्री दीडला
स्क्रीनवर चौकट येते :
चाचणीची मुदत संपायला चार दिवस उरले.
खाली किंमत, डॉलरात.
मी ती रुपयांत करून पाहते,
मग मेसच्या महिन्यांत,
मग बाबांच्या टेम्पोच्या हप्त्यांत,
आणि चौकट बंद करते, हळूच,
दुकानात न परवडणाऱ्या साडीची
घडी मोडली नाही असं दाखवत.

समुद्र इथून घाटाखाली, दूर.
मावशी प्रत्येक लग्नात विचारते,
"पुण्यात बोटी शिकतेस? कुठं गं, कात्रजच्या तळ्यात?"

माझी बोट सहा मीटरची, दोन पोटांची,
मुंढव्याच्या पुलाखालची जलपर्णी उपसणारी.
तिला वेग नको, रूप नको.
ओल्या हिरव्या ओझ्यानं कलंडली नाही
म्हणजे मिळवलं.

एक सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट,
पण प्रत्येक कागदावर तिरकं छापतं : विक्रीसाठी नाही.
जणू बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली होती.
एक स्वस्त, पण एकच पोट काढू देतं;
दुसऱ्या पोटाला पुढची पायरी, पुढचा दर.
अद्वैतनं एक पेनड्राइव्हवर आणलं,
"क्रॅक आहे, मस्त चालतं."
बोटीच्या बाबतीत हा शब्द
मी चांगल्या अर्थानं कधी ऐकला नव्हता.
पेनड्राइव्ह परत दिला.

धारप सर वर्गात काही बोलले नाहीत.
कँटीनमध्ये, बशीत चहा फुंकत म्हणाले,
"रेषा काय, कशातही ओढता येतात.
त्याला पाणी कुठलं कळतं, ते बघ."

बघितलं.
चार दिवस उरलेल्या त्या महागड्यात
पाणी दोनच : खारं, गोडं.
तिसरं लिहायचं तर वरचा परवाना.
खारं तर नाहीच.
आणि मुळा-मुठेला गोडं म्हणायला
जीभ रेटेना.

रविवारी निशिगंधाच्या स्कूटरवर मुंढव्याला.
बाटलीच्या गळ्याला सुतळी, नाकाला ओढणी,
फेसावर एकच बगळा, कशाचाही राग न धरणारा.
पुलाखाली एक गृहस्थ, काशिद आडनावाचे,
ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून
निर्माल्यातले नारळ वेचत होते.
"टेस्टिंगला का? मागंबी नेलतं कुणीतरी.
काय झालं पुढं त्याचं?"
मला माहीत नव्हतं.
मग मीच विचारलं, ही किती भार घेते?
"मी आन् चाळीस नारळ.
येक्केचाळिसावा घेतला की बूड भिजतं."
कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी
कुणीतरी असं बसून मोजलं असणार.

लॅबमध्ये गाळ बसू दिला नाही मुद्दाम.
लिटरचा फ्लास्क, काटा, तीनदा वजन.
एक हजार तीन ग्रॅम.
वरचे तीन, म्हणजे आपण सगळे.

शेवटी घेतलं ते फुकटचं,
कुणा अनोळखी माणसानं
नोकरीनंतरच्या रात्रींत लिहिलेलं.
अर्ध्या तासाला कोसळतं,
मदतीची पानं निम्मी परक्या भाषेत,
बटणं जुन्या रेडिओसारखी.
पण घनतेपुढची जागा रिकामी आहे,
तिथं उभी रेघ लुकलुकते
आणि वाट बघते.

मी लिहिलं : एक पूर्णांक शून्य शून्य तीन.
बोट वर आली. मिलिमीटरभर, तेवढंही नाही.
निशिगंधा म्हणाली, "एवढ्यासाठी?"
मी म्हटलं, हो.
आणि सेव्ह करणार तोच सगळं काळं झालं.

पुन्हा उघडलं. पुन्हा दोन पोटं,
पुन्हा कणा, पुन्हा तो आकडा,
मेसच्या कुपनाच्या पाठीवर लिहून ठेवलेला.
आता दर दहा मिनिटांनी सेव्ह करते.
फाइलला नाव हवं होतं,
दिलं : चाळीस नारळ.